उतारवयातील पहिली विजेची सायकल

साठी उलटलेल्या गृहस्थाने अगर गृहिणीने पुन्हा सायकलीवर बसावे काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी गंभीरपणे विचारला नसता. शाळा-कॉलेजच्या दिवसांत सायकल हेच ज्यांचे वाहन होते, त्यांनी नोकरी लागल्यावर स्कूटर घेतली, पुढे मोटार आली, आणि सायकल प्रथम जिन्याखाली व नंतर भंगारवाल्याकडे गेली. आता निवृत्तीनंतर सकाळचे दोन तास मोकळे आहेत, गुडघे कुरकुरतात पण अगदीच निरुपयोगी झालेले नाहीत, आणि गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन यावे असे मनात येते. परंतु वाटेतला एक चढ आठवतो आणि बेत तेथेच राहतो. विजेच्या सायकलीने हा चढ बराचसा काढून टाकला आहे. म्हणूनच सायकलीच्या दुकानांत हल्ली पांढऱ्या केसांची गिऱ्हाइके दिसू लागली आहेत. दुकानदार त्यांच्यापुढे तीन आकडे ठेवतो: वेग किती, एकदा चार्ज केल्यावर पल्ला किती, आणि मोटारीची ताकद किती. हे आकडे खोटे असतात असे नाही. परंतु ज्याला ही वस्तू उतारवयात प्रथमच घ्यावयाची आहे, त्याच्या दृष्टीने ते दुय्यम होत. सायकल धावते कशी यापेक्षा तिच्यावर बसता कसे येते, ती निघते कशी आणि थांबते कशी, याची परीक्षा अगोदर व्हावयास हवी. असे का, हे कळण्यासाठी वीज या सायकलीत नेमके कोणते काम करते ते प्रथम पाहणे सोयीचे होईल.

सत्तर किलो वजनाचा मनुष्य आणि पंचवीस किलो वजनाची सायकल मिळून ९५ किलोंचा भार होतो. वारा पडलेला असताना सपाट डांबरी रस्त्यावर हा भार ताशी १५ किलोमीटर वेगाने नेण्यास सुमारे ६० वॅट शक्ती पुरते. साठीच्या घरातील निरोगी, पण व्यायामाची फारशी सवय नसलेला मनुष्य साधारण तेवढी शक्ती अर्धा तास न दमता देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर त्याला मोटारीची गरज जवळजवळ नाहीच. आता त्याच रस्त्याला शंभर फुटांमागे पाच फूट असा चढ लागला, आणि वेग ताशी १२ किलोमीटरपर्यंत उतरला, असे समजावे. केवळ तो भार वर उचलण्यासाठीच दीडशे वॅटहून अधिक शक्ती लागते. रस्त्याचे घर्षण धरले म्हणजे बेरीज १९० च्या आसपास जाते. पायांनी ६०-७० दिले तरी सव्वाशेची तूट राहिली. तरुणपणी ही तूट हृदय आणि मांड्या भरून काढीत असत. आता ती मोटारीने भरून काढावयाची. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. विजेच्या सायकलीची मोटार बहुधा २५० वॅटची, म्हणजे घोड्याच्या एक-तृतीयांश ताकदीची असते. सव्वाशेची तूट भरून काढण्यास ही ताकद पुरून उरते. याहून मोठी मोटार मागणे म्हणजे दोन माणसांच्या घरात वीस माणसांचे पातेले आणण्यासारखे आहे.

कायद्यानेही हीच मर्यादा घालून दिली आहे. मोटारीची शक्ती पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशी गाडी मोटार-वाहन समजली जात नाही; तिला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवाना लागत नाही. काही विक्रेते ही वेगमर्यादा ‘उघडून’ देण्याची तयारी दाखवितात. त्या क्षणी ती सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही, आणि अपघात झाल्यास विमा व भरपाई यांचा सारा घोळ मालकाच्या गळ्यात पडतो. सहलीसाठी सायकल घेणाऱ्याने या मोहात पडण्याचे काहीच कारण नाही.

वीज पाय ढकलत असेल तर व्यायाम तो कसला, अशीही शंका घेतली जाते. ती रास्त आहे, पण तिचे उत्तर मिळालेले आहे. इंग्लंडमधील काही संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५० ते ८३ वर्षे वयाच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास सायकल चालवावयास लावले. काहींना साधी सायकल दिली होती आणि काहींना विजेची. मेंदूच्या काही कामांत व मनाच्या प्रसन्नतेत जो फरक दिसला, त्यात विजेच्या सायकलीवरील मंडळी मागे पडली नाहीत. याचे कारण उघड आहे. जो मनुष्य चढाच्या भीतीने साधी सायकल कोपऱ्यात उभी करून ठेवतो, त्याला तिच्यापासून कसलाच व्यायाम मिळत नाही. मात्र पायडल न फिरविता केवळ मूठ पिळून जाण्याची सोय पुष्कळ सायकलींना असते. तिच्याच आधाराने फिरावयाचे असेल तर शंका घेणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नेदरलँड हा सायकलींचा देश. तेथील सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१७ साली प्रथमच असे घडले की, रस्त्यावर मेलेल्या सायकलस्वारांची संख्या मोटारीत मेलेल्यांहून अधिक भरली: सायकलस्वार २०६, मोटारीतील माणसे २०१. त्या सायकलस्वारांपैकी सुमारे चौथा हिस्सा विजेच्या सायकलीवर होता, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. हे वाचून सायकल घेण्याचा बेत रहित करावा असे नाही. त्या देशात वृद्ध माणसे सायकल चालवितात त्या मानाने पाहिले पाहिजे. तथापि तेथील अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे, ती ध्यानात घेण्याजोगी आहे. उतारवयातील सायकलस्वार जे पडतात, त्यांतले पुष्कळजण कोणाचीही धडक न लागता, सायकलीवर चढताना किंवा तीवरून उतरताना पडतात. धावत्या सायकलीला तिचा वेगच तोल देतो. ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली वेग आला की तो आधार सुटतो, आणि तोल सांभाळण्याचे काम कान, डोळे, कंबर आणि घोटे यांच्यावर येऊन पडते. वयोमानाने जे मंदावते ते नेमके हेच. त्यात सायकल पंचवीस किलोंची. एकदा ती एका बाजूला कलली की साध्या सायकलीसारखी एका हाताने सावरत नाही. पंचविशीत असे पडले तर ढोपर खरचटते. सत्तरीत खुब्यापाशी मांडीचे हाड मोडते, आणि त्यानंतर पुष्कळांचे हिंडणे-फिरणे कायमचे आखडते. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना हा धोका अधिक. ज्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, चक्कर येते, अथवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, त्यांनी दुकानापूर्वी डॉक्टरांकडे जावे हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडील पुरुषांची सायकलीवर चढण्याची एक जुनी रीत आहे. डावा पाय पायडलवर ठेवावयाचा, उजव्या पायाने जमीन रेटीत चार-सहा पावले लंगडी घालावयाची, आणि सायकल चालू लागली की उजवी टांग मागच्या कॅरियरवरून पलीकडे टाकावयाची. ज्यांनी ही रीत वयाच्या बाराव्या वर्षी अंगी मुरवली, त्यांचे शरीर पन्नास वर्षांनंतरही आपोआप तेच करू पाहते. विजेच्या सायकलीवर ही रीत घातक आहे. डाव्या पायाचा दाब पायडलवर पडताच, किंवा पायडल थोडे फिरताच, मोटारीला वाटते की स्वार बसला व निघाला. आणि टांग हवेत असतानाच सायकल पुढे झेप घेते. यासाठी मदतीची पायरी शून्यावर ठेवून, दोन्ही ब्रेक दाबून, सायकल दोन पायांमध्ये उभी धरावी, सीटवर बसावे, एक पायडल वर आणून ठेवावे आणि मग निघावे. उतरतानाही सायकल पूर्ण थांबल्यावर पाय जमिनीला टेकवूनच उतरावे. सांगावयास हे सोपे आहे, पण अर्ध्या शतकाची सवय मोडावयाची असल्यामुळे याला पंधरा दिवसांचा सराव लागतो.

हा क्रम ज्या सांगाड्यावर सुखाने पाळता येतो तोच सांगाडा घ्यावा. म्हणजे आडवा दांडा नसलेला, मधोमध खाली वाकलेला, पाय गुडघ्याइतकाही न उचलता पलीकडे नेता येईल असा. दुकानात याला ‘लेडीज’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकताच पुष्कळ सद्गृहस्थ पुढच्या सायकलीकडे वळतात. हा अभिमान अनाठायी आहे. ज्या देशांत सायकल हे रोजचे वाहन आहे तेथे वृद्ध पुरुष अशाच सायकली वापरतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेल्यांना तर दुसरा मार्गच नाही. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून जुन्या सायकलींना जाळी बसविलेली असे. नव्या विजेच्या सायकलींना ती क्वचितच असते, आणि मागच्या चाकातील मोटारीच्या तारेमुळे व ब्रेकच्या तबकडीमुळे ती मागाहून बसविणेही कधीकधी अवघड जाते. साखळीवर पूर्ण झाकण आहे की नाही हेही पाहावे.

सीटच्या उंचीचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण येथे शरीराच्या दोन गरजा परस्परांविरुद्ध जातात. गुडघ्याच्या दृष्टीने सीट उंच हवी. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ होत असेल तर गुडघ्यावर कमी ताण पडतो; सीट फार खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीस काटकोनाहून अधिक वाकतो आणि संध्याकाळी दुखू लागतो. उलट, सुरक्षिततेच्या दृष्टीने सीट खाली हवी, कारण सायकल थांबताच दोन्ही पावले टेकली पाहिजेत. पाय टेकण्यासाठी सीटवरून एका बाजूला सरकावे लागले की सायकल कलते, आणि पडण्याची तयारी तेथेच होते. यावर उपाय असा की, पहिले काही आठवडे सीट इतकी खाली ठेवावी की दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग जमिनीवर निश्चिंतपणे टेकेल. या काळात फेरीही छोटीच ठेवावी, म्हणजे गुडघे तक्रार करणार नाहीत. हात बसला की दर आठवड्यास अर्धा इंच वर चढवीत जावे. काही सायकलींत पायडल सीटच्या थोडे पुढे बसविलेले असतात. त्यांवर पाय पुरेसा लांबही होतो आणि जमिनीलाही टेकतो. अशी सायकल मिळाली तर दोन पैसे जास्त देऊनही घ्यावी. हँडल उंच आणि मागे वळलेले असावे, म्हणजे पाठ ताठ राहते व मान अवघडत नाही. मान मागे वळत नसेल तर उजव्या बाजूस आरसा लावून घ्यावा. ही सायकल चालताना आवाज करीत नाही, त्यामुळे पायी चालणाऱ्यांना ती मागून आल्याचे कळत नाही. मोठी घंटी म्हणूनच आवश्यक आहे.

सायकल ‘निघते कशी’ हे मुख्यतः एका छोट्या उपकरणावर अवलंबून असते, आणि दुकानदार त्याचा उल्लेख बहुधा करीत नाही. मोटारीने केव्हा आणि किती जोर लावावा हे तिला कळावे कसे? यासाठी दोन तऱ्हेचे संवेदक वापरतात. एका तऱ्हेचा संवेदक पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. पायडल फिरू लागल्यानंतर क्षणभराने तो मोटार चालू करतो, आणि पाय थांबल्यावरही ती क्षणभर चालू राहते. परिणाम असा की, निघताना प्रथम काहीच मदत मिळत नाही व मग एकदम धक्का बसतो. आणि गल्लीच्या वळणावर पाय थांबविला तरी सायकल पुढे ओढ घेते. दुसऱ्या तऱ्हेचा संवेदक पाय किती जोराने दाबला जात आहे हे मोजतो, आणि त्या प्रमाणात मोटारीचा जोर कमी-अधिक करतो. हलके दाबले तर हलकी मदत, चढावर जोराने दाबले तर जोराची. मागून कोणी पाठीवर अलगद हात ठेवून चालवीत आहे असा भास होतो. जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ साली अशी सायकल प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, तेव्हा तिच्यात पायाचा दाब मोजण्याचीच योजना होती. आपल्या बाजारातील स्वस्त सायकलींना बहुतेक पहिल्या तऱ्हेचा संवेदक असतो. दुसऱ्या तऱ्हेसाठी अधिक किंमत मोजावी लागते. तरुणाने ते पैसे वाचविले तर बिघडत नाही. साठीनंतर मात्र पैसे खर्चावयाचे असतील तर ते मोठ्या बॅटरीवर, पुढच्या स्प्रिंगवर किंवा चकचकीत पडद्यावर न खर्चता येथेच खर्चावेत. तेवढी ऐपत नसेल तर पहिल्या तऱ्हेचीच सायकल घ्यावी. फक्त तिची सर्वांत खालची मदतीची पायरी पुरेशी सौम्य आहे की नाही, ते पाहून घ्यावे. काही सायकली खालच्या पायरीवरही उसळतात. त्या सरळ नाकाराव्यात.

मूठ पिळून चालविण्याची सोय येथे उपयोगी पडते, हे कबूल केले पाहिजे. चौकात दिवा हिरवा होताच पहिली चार पावले मुठीच्या मदतीने गेले की पायडलवरचा झटका टळतो. पण मूठ अनवधानाने पिळली जाण्याचा धोकाही आहे. सायकल हाताने ढकलीत नेताना मोटार चालू राहिली असेल आणि तोल जाऊन मूठ आवळली गेली, तर सायकल हातातून सुटून पळते. म्हणून खाली उतरताच मोटार बंद करण्याची सवय लावून घ्यावी. काही सायकलींना पायी चालण्याच्या वेगाने सायकल ढकलून देणारे निराळे बटण असते. इमारतीच्या तळघरातून उतरणीवरून सायकल वर आणावयाची असेल त्यांना त्या बटणाचे महत्त्व लवकर पटते.

मोटार कोठे बसविली आहे याचा विचार गावावर अवलंबून आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कडेने सकाळी फेरी मारणाऱ्याला मागच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेली साधी मोटार पुरते. गिअर नसले तरी चालते. पुण्यात किंवा नाशकात तीच मोटार पण सहा-सात गिअरांसह असावी. रत्नागिरीच्या घाट्यांवर किंवा पणजीच्या आल्तिनोवर घर असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अशा उभ्या चढावर चाक फार सावकाश फिरते, आणि चाकातील मोटार सावकाश फिरताना जोर कमी देते व तापते जास्त. पायडलजवळ मधोमध बसविलेली मोटार सायकलीच्या गिअरांचा लाभ घेते, म्हणून ती येथे सरस ठरते; तिची किंमत मात्र पुष्कळ अधिक असते.

थांबण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. ताशी १२ ऐवजी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबविताना ब्रेकला चौपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा दोन्ही चाकांना तबकडीचे ब्रेक असावेत. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांना तारेच्या ब्रेकपेक्षा तेलाच्या दाबाने चालणारा ब्रेक फार हलका जातो. ब्रेक दाबताच मोटारीची वीज तोडणारा खटका हँडलवर आहे की नाही, आणि तो दोन्ही ब्रेकना आहे की एकालाच, हे दुकानातच मागचे चाक उचलून तपासावे. उजव्या हातात पुढचा ब्रेक आहे की मागचा, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. जुन्या सवयीच्या उलट असेल तर तारा बदलून घेता येतात.

बॅटरीविषयी लोकांना सर्वांत अधिक कुतूहल असते, म्हणून तिचा हिशेब करून दाखविणे बरे. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास अशी बॅटरी सामान्यतः आढळते. यांचा गुणाकार ३६० वॅट-तास. पाय आपले काम करीत असतील आणि चढ बेताचे असतील, तर किलोमीटरमागे दहा वॅट-तास धरावेत. पल्ला सुमारे ३५ किलोमीटर. जाहिरातीतील आकडा याहून मोठा असेल, पण तो हलक्या स्वाराचा, सपाट रस्त्याचा आणि कोऱ्या बॅटरीचा असतो. काही वर्षांच्या वापराने बॅटरीची धारणशक्ती कमी होत जाते, तेव्हा आजच्या गरजेपेक्षा चौथाई अधिक धरून ठेवावी. सकाळची फेरी पंधरा-वीस किलोमीटरची असणाऱ्याला ही बॅटरी पुरेशी आहे. तिला पूर्ण चार्ज करण्यास अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते, म्हणजे विजेच्या बिलाची चिंता कोणी करू नये. चिंता करावयाची ती उन्हाची. लिथियमच्या बॅटरीला उष्णता बाधते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ती उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवर राहू देऊ नये, आणि फेरीवरून येताच गरम असताना चार्जिंगला लावू नये. पावसाळ्यात सायकल दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी काढून, निम्मी भरलेली ठेवून, कोरड्या जागी ठेवावी. चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरावा. तो बिघडला म्हणून बाजारातून दुसरा कोणताही आणणे धोक्याचे आहे. रात्रभर चार्जिंग चालू ठेवून झोपू नये, आणि घराबाहेर पडण्याच्या दाराजवळ किंवा जिन्यात बॅटरी चार्ज करू नये. आग क्वचितच लागते, पण लागली तर वाट अडलेली नसावी. पडून कवच फुटलेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बॅटरी किल्लीने काढून घरात नेता येते की नाही, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. खाली वाहनतळात प्लग नसतो, आणि असलाच तर सोसायटीच्या सभेत त्यावरून वाद होतो. नुसती बॅटरी दोन-तीन किलोंची असते. पिशवीत घालून लिफ्टने नेता येते. अख्खी सायकल मात्र वीस ते पंचवीस किलोंची. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असते. त्याहून ही थोडी हलकी, पण धरावयास अधिक अवघड. बंगल्याच्या किंवा वाड्याच्या तीन पायऱ्या रोज चढवून ती आत घेणे साठीतल्या कमरेला झेपणार नाही. लाकडी उतरण करून घ्यावी, नाहीतर हलकी सायकल शोधावी. पुढच्या चाकाला स्प्रिंगा असल्या की वजनात भर पडते. शहरातल्या खड्ड्यांसाठी दोन इंच रुंदीचे टायर थोडी कमी हवा भरून वापरले तर तेच काम होते. वीस इंची छोट्या चाकांच्या घडीच्या सायकली ठेवावयास सोयीच्या असतात खऱ्या, परंतु छोटे चाक खड्ड्यात खोल उतरते. आणि ज्यांना एका पायावर क्षणभरही उभे राहता येत नाही, त्यांनी तीन चाकींचा विचार करावा. मात्र ती वळणावर सायकलीसारखी कलत नाही आणि जोरात वळविल्यास उलटते, हे ध्यानात ठेवून.

किमती साधारण पंचवीस-तीस हजार रुपयांपासून लाखाच्या पुढेपर्यंत आहेत. खरेदीस जाताना घरातील एका माणसाला बरोबर न्यावे, नेहमीची पादत्राणे आणि नेहमीचा पोशाख घालावा, आणि दुकानदार जो मोकळा रस्ता दाखवील त्याऐवजी दुकानासमोरच्या वीस पावलांच्या जागेतच सायकल तपासावी. दहा वेळा बसावे आणि दहा वेळा उतरावे. सर्वांत सौम्य पायरीवर निघून पाच पावलांत थांबावे. चालत्या माणसाच्या वेगाने डावीकडे आणि उजवीकडे वळून यावे. मोटार बंद करून थोडे अंतर पायांनी ओढून पाहावी, कारण एखाद्या दिवशी बॅटरी वाटेत संपणारच आहे. हे सर्व होईतो दुकानातील मुलगा कंटाळला तर कंटाळू द्यावे. यानंतर मोठ्या रस्त्यावरची फेरी मारली तरी चालेल, न मारली तरी चालेल.

पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा दुकानदाराची घ्यावी. मागच्या चाकात मोटार असलेली सायकल पंक्चर झाली की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लावण्यास कचरतो. चाक काढावयाचे तर विजेची तार सोडवावी लागते, मोठ्या नटाला जाड पाना लागतो, आणि आसाजवळची चकती उलटी बसली तर आस फिरून तार तुटते. म्हणून मागचे चाक आपल्यासमोर काढून पुन्हा बसवून दाखविण्यास दुकानदाराला सांगावे. जो हे पाच-दहा मिनिटांत सहज करतो, त्याच्याकडे सुटे भाग मिळतील, बॅटरीची हमी लेखी मिळेल, आणि दोन वर्षांनी तो त्याच जागी सापडण्याचा संभव आहे. जो ‘त्याची वेळच येत नाही, साहेब’ असे म्हणून हसतो, त्याची सायकल कितीही देखणी असली तरी दुसरे दुकान पाहावे.